डाग लागतोय आणि ठोके अजून दिसले नाहीत

वाचकाचं पत्र

डॉक्टर, मी २८ वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत काउंटरला असते. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या महिन्यात गर्भपात झाला होता. आता पुन्हा दिवस गेलेत. गेल्या आठवड्यात आधी चॉकलेटी डाग लागला, मग दोन दिवसांनी लाल. पोटात पाळीसारखं बारीक दुखतं. दिवसाला एक-दोन पॅड लागतात, पण पूर्ण भिजत नाहीत. आतून सोनोग्राफी केली. सॅक, म्हणजे गर्भाभोवतीची पिशवी, दिसली, योक सॅक दिसली, पण बाळ आणि ठोके दिसले नाहीत. डॉक्टरांनी बारा दिवसांनी परत बोलावलंय आणि खालून ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्यात. रिपोर्टचा फोटो सोबत जोडलाय. माझी पाळी पहिल्यापासून ३८-४० दिवसांनी येते. रक्तगट ओ पॉझिटिव्ह.

सासूबाईंनी पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावल्यात आणि स्कूटीची किल्ली काढून घेतलीय. नणंद म्हणते, ठोके नाहीत तर वेळ घालवू नका, क्युरेटिंग करून घ्या. पुण्याची मैत्रीण म्हणते, रोज बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणाच्या हार्मोनची रक्ततपासणी, कर. घरचा नियम म्हणून तीन महिने कुणाला सांगायचं नाही. मागच्या वेळीही मी स्कूटीवरच जात होते, आणि गर्भपातानंतर चौथ्या दिवशी कामावर हजर झाले. माझं काही चुकलं का? बारा दिवस नुसतं बसून काढायचे का? आणि येत्या रविवारी सांगलीला मामेबहिणीचं लग्न आहे, जाऊ का?

उत्तर

तुमच्या रिपोर्टचा फोटो दोनदा नीट वाचला. आधी त्याबद्दलच बोलते, कारण तुमच्या घरात चाललेल्या निम्म्या वादाचं उत्तर त्या कागदावरच आहे.

वर छापलंय, पाळीच्या तारखेप्रमाणे ७ आठवडे १ दिवस. खाली मोजमाप आहे, सॅकचा सरासरी व्यास १० मिलिमीटर, आणि त्यावरून काढलेलं वय ५ आठवडे ५ दिवस. म्हणजे दहा दिवसांचा फरक. हा फरक बघून तुमच्या नणंदबाईंनी ‘बाळ वाढत नाहीये’ असा अर्थ काढला असणार, आणि २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईच्या बाबतीत मलाही थोडी काळजी वाटली असती. पण तुमची पाळी ३८-४० दिवसांनी येते. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि त्या हिशेबात असं धरलेलं असतं की बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास बाहेर पडलं. तुमचं बीज चोविसाव्या ते सव्विसाव्या दिवशी बाहेर पडलं असण्याची शक्यता जास्त. म्हणजे दहा-बारा दिवसांचा फरक तिथेच पडला. पाळीच्या तारखेने तुम्ही सात आठवड्यांच्या, पण गर्भाचं वय साडेपाच-पावणेसहा आठवड्यांचं असं अगदी सहज असू शकतं, आणि सॅकचं मापही तेच सांगतंय.

आता पावणेसहा आठवड्यांना आतून केलेल्या सोनोग्राफीत काय दिसायला हवं? साधारण पाच आठवड्यांना सॅक दिसते, त्यानंतर चार-पाच दिवसांत तिच्यात योक सॅक, म्हणजे गर्भाला सुरुवातीला पोसणारं ते छोटं गोल कडं. बाळाचा ठिपका आणि ठोके सहा आठवडे पूर्ण होण्याच्या आसपास. तुमच्या रिपोर्टमध्ये जे दिसलं ते या वेळापत्रकाला धरून आहे. जे दिसलं नाही, ते दिसायची वेळच बहुधा झालेली नव्हती.

सगळं ठीक आहे असं मी तुम्हाला लिहून देऊ शकत नाही. तुमचे डॉक्टरही आज देऊ शकणार नाहीत. पण ‘ठोके दिसले नाहीत’ आणि ‘ठोके बंद झाले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या घरात सध्या दुसरीच धरून चाललेत.

त्या रिपोर्टमधली आणखी एक ओळ तुमच्या नजरेतून निसटली असेल: सॅक गर्भाशयाच्या आत, वरच्या भागात आहे, तिच्यात योक सॅक आहे. पहिल्या तीन महिन्यांत रक्तस्राव घेऊन बाई आली की आम्ही सगळ्यात आधी हेच बघतो. बाळ आहे का, हा प्रश्न नंतरचा. आधी, गर्भ आहे कुठे? शंभरातल्या एक-दोन गरोदरपणांत गर्भ गर्भाशयाऐवजी बाहेर, बहुतेकदा गर्भनलिकेत रुजतो. तो तिथे वाढू शकत नाही, नलिका फुटू शकते, आणि पोटात आतल्या आत रक्त साचून बाईचा जीव जाऊ शकतो. बाहेर पॅडवर मात्र एवढासा डाग. गर्भाशयात योक सॅक दिसली म्हणजे ही भीती तुमच्यापुरती जवळजवळ संपली.

तुमचं पत्र वाचणाऱ्या इतर जणींसाठी इथे थोडं थांबते. लघवीची टेस्ट पॉझिटिव्ह आली आहे, अजून सोनोग्राफी झालेली नाही, आणि डाग लागतोय किंवा पोटात एका बाजूला दुखतंय, तर ‘बघू दोन दिवस’ म्हणू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. एका बाजूची कळ, खांद्याच्या टोकाला विचित्र दुखणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, शौचाला बसल्यावर पोटात असह्य दाब, यातलं काही असेल तर रात्र असो की सण असो, १०८ ला फोन करा आणि जिथे ऑपरेशनची आणि रक्ताची सोय आहे अशाच रुग्णालयात जा. आधी नलिकेत गर्भ राहिला असेल, नलिकेचं ऑपरेशन झालं असेल, ओटीपोटात जंतुसंसर्ग झाला असेल किंवा तांबी आत असताना दिवस गेले असतील, तर डाग लागायचीही वाट बघू नका, लवकर सोनोग्राफी करून घ्या. मी हे इतकं ठासून लिहिते कारण अशी बाई उशिरा आली की हातात फार थोडा वेळ उरतो, आणि उशीर बहुतेकदा ‘पहिल्या महिन्यात लागतो कधी कधी डाग’ या घरच्या समजुतीने झालेला असतो.

डाग लागतो हे खरंच आहे म्हणा. पहिल्या तीन महिन्यांत साधारण दर चार जणींपैकी एकीला थोडाफार रक्तस्राव होतो, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणींचं गरोदरपण पुढे नीट चालू राहतं. गर्भ रुजताना थोडं रक्त येतं, ते साधारण पाळीच्या तारखेच्या आसपास. गर्भपिशवीचं तोंड या काळात नाजूक आणि रक्ताने भरलेलं असतं, त्यामुळे संबंधांनंतर किंवा आतून तपासल्यावर डाग लागू शकतो, त्याचा बाळाशी संबंध नसतो. सॅकच्या कडेला रक्त साचून छोटी गुठळी होते, तीही सोनोग्राफीत दिसते आणि लहान असेल तर बहुतेकदा आपोआप जिरते. जंतुसंसर्ग असू शकतो, तोंडाशी छोटा कोंब असू शकतो. कधी कधी तर रक्त तिथून येतच नसतं. गरोदरपणात बद्धकोष्ठ होतं, मूळव्याध डोकं वर काढते, लघवीला जंतुसंसर्ग होतो, आणि घाबरलेल्या बाईला सगळं रक्त एकाच जागेचं वाटतं. आणि काही वेळा हा रक्तस्राव गर्भपाताची सुरुवात असतो. यातलं कुठलं कारण आहे हे नुसत्या रंगावरून सांगता येत नाही. चॉकलेटी म्हणजे जुनं, हळूहळू बाहेर आलेलं रक्त, लाल म्हणजे ताजं, एवढाच त्याचा अर्थ. रंगापेक्षा किती जातंय, वाढतंय का आणि सोबत दुखतंय किती, हे आम्हाला जास्त उपयोगी पडतं.

आता ते बारा दिवस. तुम्हाला वाटत असेल, डॉक्टरांनी टाळलं. उलट तुमच्या डॉक्टरांनी नियमाने काम केलंय. गर्भ वाढत नाही असा निर्णय देण्यासाठी काटेकोर मापं ठरलेली आहेत. बाळाची लांबी ७ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त झाली आणि तरी ठोके नाहीत, किंवा सॅक २५ मिलिमीटर झाली आणि तरी आत बाळ नाही, तेव्हाच एका सोनोग्राफीत खात्रीने सांगता येतं. तुमची सॅक १० मिलिमीटरची आहे. अशा वेळी थांबायचं असतं, आणि योक सॅक दिसलेली असेल तर निदान ११ दिवसांनी पुन्हा बघायचं असतं. त्याआधी बघितलं तर पुन्हा तेच अर्धवट उत्तर मिळायची शक्यता असते. म्हणून बारा दिवस. हे नियम इतके कडक आहेत कारण घाई केली तर जगणारा गर्भ काढून टाकला जाऊ शकतो. नणंदबाईंना दुखवायचं नाही, त्या काळजीनेच बोलत असतील, पण आजच्या घडीला क्युरेटिंग करणं चुकीचं ठरेल. आणि औषधाच्या दुकानातून ‘पोट साफ व्हायची’, म्हणजे गर्भ पाडायची, गोळी आणायची गोष्ट कोणी काढलीच, तर ती तिथेच थांबवा.

रोज बीटा एचसीजी करायची गरज नाही. सोनोग्राफीत गर्भाशयात काहीच दिसत नाही, गर्भ कुठे आहे ते कळत नाही, अशा वेळी ती तपासणी ४८ तासांच्या अंतराने दोनदा करतात आणि आकडा कसा चढतोय ते बघतात. तुमच्याकडे योक सॅक डोळ्यांनी दिसलेली आहे. यापुढे जे सांगायचं ते सोनोग्राफी सांगेल. रोज सुई टोचून घेऊन आणि रोज नव्या आकड्याने रात्रीची झोप घालवून हाती काही लागणार नाही. पैसेही जातील. आतून सोनोग्राफी केल्याने रक्तस्राव वाढतो, असं एखादी शेजारीण सांगेल. तो प्रोब योनिमार्गात असतो, गर्भाशयात शिरत नाही. गर्भाला त्याने इजा होत नाही.

गोळ्यांचं विचाराल तर त्या घ्या. प्रोजेस्टेरॉन आपल्याकडे डाग दिसला की सर्रास लिहिलं जातं, अनेकदा गरज नसताना. पण तुमच्या बाबतीत त्याला आधार आहे. ब्रिटनमध्ये सुरुवातीच्या रक्तस्रावाच्या ४ हजारांहून अधिक स्त्रियांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर औषधाने ठळक फरक दिसला नाही. मात्र आधी एक किंवा अधिक गर्भपात झालेल्या आणि आता रक्तस्राव होत असलेल्या गटात, प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्या शंभरपैकी ७५ जणींना जिवंत बाळ झालं, न घेणाऱ्यांत ७० जणींना. फरक छोटा आहे, पण तुम्ही नेमक्या त्या गटात आहात आणि गर्भ गर्भाशयातच आहे हेही नक्की झालंय. २०२१ पासून तिथल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही अशाच स्त्रियांसाठी हे औषध सांगितलेलं आहे. गर्भातच मूळ दोष असेल तर ते काही करू शकत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा. रक्त जात असताना गोळी खालून ठेवायची भीती वाटते म्हणून बऱ्याच बायका ती गुपचूप गिळतात. तसं करू नका. हात धुऊन, आडवं पडून, बोट पोचेल तिथवर सारायची आणि अर्धा तास पडून राहायचं. नंतर पॅडवर पांढरट चिकट काहीतरी येईल, त्यात चॉकलेटी रेषा मिसळलेल्या दिसतील. ते औषधाचंच उरलेलं असतं.

आता विटा. सासूबाईंनी त्या मायेनेच लावल्यात, आणि एके काळी आम्हा डॉक्टरांनीच हे सांगितलेलं आहे, त्यामुळे त्यांना दोष देऊ नका. पण झोपून राहिल्याने गर्भपात टळतो याला कुठलाही पुरावा सापडलेला नाही. तो शोधायचा प्रयत्न झालेला आहे. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजलेला असतो, उभं राहिल्याने तो निसटून खाली येत नाही. उलट दिवसरात्र पडून राहिलं तर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो, जो गरोदरपणात मुळातच जास्त असतो. बद्धकोष्ठ वाढतं. आणि मनाची अवस्था बिघडते ती वेगळीच, छताकडे बघत प्रत्येक तासाला बाथरूममध्ये जाऊन पॅड बघणं. विटा काढा. घरात हिंडा, स्वयंपाक करा, वाटलं तर कामावर जा. काउंटरला बसून गर्भपात होत नाही. लाल रक्त थांबेपर्यंत संबंध टाळा आणि जड हंडे उचलू नका, तेही थकवा आणि दुखणं वाढू नये म्हणून. सासूबाईंना सोनोग्राफीला सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरात तुम्हाला वाद घालावा लागणार नाही.

आणि स्कूटी. तुमचं पत्र सगळं वाचून झाल्यावर मला वाटलं की खरा प्रश्न हाच आहे, बाकीचे त्याच्या आजूबाजूला आहेत. दोन वर्षं तुम्ही तो मनात धरून आहात. तर स्पष्ट लिहिते: मागचा गर्भपात स्कूटीने झाला नाही. पपईच्या फोडीने, एसटीच्या धक्क्याने, कुणाशी भांडल्याने, ऑफिसचे दोन जिने चढल्यानेही तो होत नाही. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी जवळजवळ निम्मे किंवा त्याहून जास्त गर्भाच्या गुणसूत्रांतल्या चुकीमुळे होतात. बीज किंवा शुक्राणू तयार होताना, किंवा ते एकत्र येताना, गुणसूत्रांची संख्या कमी-जास्त होते, आणि असा गर्भ काही आठवड्यांपलीकडे वाढूच शकत नाही. तुम्हाला दिवस गेल्याचं कळलं त्याच्या आधीच ते ठरलेलं असतं. त्या वेळी तुम्ही वर्षभर पाटावर बसून राहिला असतात तरी तेच झालं असतं. एक गर्भपात झालेल्या बहुतेक स्त्रियांचं पुढचं गरोदरपण व्यवस्थित पार पडतं, म्हणूनच एका गर्भपातानंतर आम्ही मोठ्या तपासण्याही करत नाही. तुमच्या यजमानांना हा परिच्छेद वाचायला द्या, सासूबाईंनाही. किल्ली परत मागा. चक्कर येत नसेल तर स्कूटी चालवायला माझी हरकत नाही.

या बारा दिवसांत तुम्ही एक करायचं: एका वहीत तारीख, पॅड किती बदलले, किती भिजले, दुखणं कसं, एवढं लिहायचं. पॅडच वापरा, त्यावरून अंदाज येतो. दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक नको. फोलिक ॲसिड चालू ठेवा. रक्तगट पॉझिटिव्ह आहे, त्यामुळे अँटी-डी इंजेक्शनचा प्रश्न तुम्हाला येत नाही. ज्यांचा निगेटिव्ह आहे त्यांनी मात्र रक्तस्राव झाला की डॉक्टरांना ते आपणहून सांगायचं. सुरुवातीच्या प्रत्येक डागाला ते इंजेक्शन लागतंच असं नाही, किती आठवडे आहेत आणि पुढे काय होतं त्यावर ते ठरतं.

थांबायचं नाही असे प्रसंगही आहेत. तासाला दोन पॅड पूर्ण भिजतायत आणि हे दोन तास चालू आहे, मोठ्या गाठी पडतायत, दुखणं गोळीने आवरत नाही, ताप किंवा घाण वास आहे, उभं राहिल्यावर घेरी येते, तर बाराव्या दिवसाची वाट न बघता लगेच निघायचं. मांसासारखं काही पडलं तर स्वच्छ बरणीत घालून सोबत न्या. किळस वाटेल, पण गर्भ पूर्ण पडला की काही राहिलंय हे त्यावरून ठरवायला मदत होते.

बाराव्या दिवशी ठोके दिसले तर पुढची शक्यता खूप चांगली आहे. रक्तस्राव होऊनही ठोके दिसलेल्या दहापैकी साधारण नऊ जणींचं गरोदरपण टिकतं. तरीही थोडा डाग काही दिवस लागत राहील, त्याला घाबरू नका. आणि दिसले नाहीत, तर तेव्हाही त्याच क्षणी ऑपरेशन टेबलावर जायचं नसतं. निसर्गतः पडू देणं, गोळ्यांनी पाडणं, किंवा सक्शनने काढणं, असे तीन मार्ग असतात. ताप नाही, रक्त फार जात नाही, तर यातला कुठला घ्यायचा हे दोन दिवस विचार करून तुम्ही ठरवू शकता. धारदार उपकरणाने खरवडण्यापेक्षा सक्शन बरं, हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका. नोकरीचंही सांगते, कारण हे कुणी सांगत नाही: आपल्याकडे कायद्याने गर्भपातानंतर ६ आठवड्यांची पगारी रजा ठेवली आहे, दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांसाठी. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं आणि डॉक्टरांचा दाखला हवा. मागच्या वेळी तुम्ही चौथ्या दिवशी कामावर हजर झालात असं लिहिलंय. तसं पुन्हा करू नका.

तीन महिने कुणाला सांगायचं नाही, हा तुमच्या घरचा नियम मी मोडा म्हणणार नाही. पण ऑफिसमधल्या एकीला तरी सांगा. काउंटरवर रांग असताना पोटात कळ आली तर तुमच्या खुर्चीवर बसायला कुणीतरी हवं, आणि ते का, हे तिला माहीत हवं.

राहिलं लग्न. प्रवासाने काही बिघडणार नाही, सांगलीला चांगली रुग्णालयंही आहेत. शनिवारपर्यंत लाल रक्त थांबून नुसता चॉकलेटी डाग राहिला असेल तर रविवारी सकाळी जा, अक्षता टाका, जेवा आणि संध्याकाळपर्यंत परत या. रिपोर्ट, वही आणि पॅड पर्समध्ये ठेवा. लाल चालू असेल तर जाऊ नका, रात्री अडीच तासांच्या रस्त्यावर गाडीत अडकायला नको म्हणून. मामींना काय कारण सांगायचं ते यजमानांवर सोपवा. सोनोग्राफीची तारीख मात्र लग्नाच्या धावपळीत पुढे ढकलू नका, आणि नवा रिपोर्ट आला की या सदराकडे नक्की पाठवा.